दगा मोरेचा घोडेस्वार

१

रविवारी सकाळी काच पुसायला म्हणून भगवंत इंगळे यांनी खिशातून रुमाल काढला आणि तो हातातच राहिला. पेटीतल्या काळ्या मखमलीवर पदकांच्या तीन रांगा कालच्यासारख्याच मांडलेल्या होत्या. फक्त मधल्या रांगेत, अगदी मध्यावर, एक जागा रिकामी होती.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. जागा रिकामीच होती. खाली त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: ‘सिपाही दगा मोरे, मराठा पलटण. मेसोपोटेमिया, पहिलं महायुद्ध.’

सिपाही मोरे तेवढे गायब होते.

भगवंतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. सुरतेत जरीच्या तारेसाठी चांदी वितळवतात, त्या गल्ल्यांतून ते वर्षानुवर्षं फिरत आले होते. साखळ्या, वाळे आणि फुटक्या वाट्यांच्या ढिगात एखादं लष्करी पदक दिसलं की ते भट्टीत पडायच्या आत उचलायचं, हा त्यांचा नाद. बायको त्याला खूळ म्हणायची. पण गोऱ्या सरकारच्या त्या पदकाच्या कडेवर सिपायाचं नाव कोरलेलं असतं, आणि कितीतरी सिपायांचं नाव जगात दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नसतं, हे एकदा कळल्यावर त्यांना राहवत नसे. त्यांचे स्वतःचे आजोबा महार पलटणीत होते. त्यांचं पदक वडिलांनी एका वाईट वर्षी विकलं आणि ते भट्टीत गेलं. कुणाच्या तरी शालूच्या काठात आजोबा आहेत, असं भगवंतराव हसत सांगत. सांगताना डोळे मात्र दुसरीकडे वळवत.

गेल्या वर्षी पलटणीच्या केंद्राला पत्रावर पत्रं धाडून त्यांनी दगा मोरेचं गाव शोधलं होतं. दोंडाईच्याच्या अलीकडचं एक खेडं. दगाचं घर केव्हाच बसलेलं, त्याच्या भावाची माणसं पोट भरायला कुठंतरी निघून गेलेली. पण दगाची मुलगी जिवंत होती. पार्वतीबाई, वय ऐंशीच्या घरात. बाप बोटीत बसला तेव्हा ती आईच्या पोटात होती. बाप परत आला नाही, हाडंसुद्धा आली नाहीत. नातवानं फोनवर सांगितलं होतं, “आजी म्हणते, डोळे मिटायच्या आत एकदा बापाला हात लावू द्या.”

ती आजी आज संध्याकाळच्या भुसावळ पॅसेंजरनं सुरतेला उतरणार होती. भगवंतरावांनी पहारेकऱ्याला हाक मारली.

२

सुरतेतल्या उधन्याच्या मराठी मंडळाचा तो हॉल, तिथं भगवंतरावांच्या पदकांचं प्रदर्शन मांडलेलं. पहारेकरी बाबुराव धावत आला, पेटीत डोकावला आणि आधी स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतला.

“साहेब, दाराचं कुलूप शाबूत आहे. रात्री उंदीरसुद्धा आत गेला नाही. पोलिसांत जाऊ?”

“पोलीस आले की आधी कुणाला धरतील, बाबुराव?”

बाबुरावानं विचार केला आणि पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही.

पेटीला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. म्हणजे काल दिवसभरात किंवा संध्याकाळी हॉल बंद होताना हे झालं होतं. भगवंतरावांनी झाकण उचललं आणि नाक टेकेल इतके खाली वाकले. पदक गेलं होतं, पण त्यांनी त्याला लावलेली त्या काळची रेशमी फीत तिथंच होती. दांडीतून अलगद सोडवून नीट घडी करून ठेवलेली. आणि पदकाच्या जागी मखमलीवर पिवळी पूड होती. सांडलेली वाटावी एवढी विखुरलेली नव्हती. बोटांच्या चिमटीत मावेल तेवढीच, एका जागी.

पिवळा रंग पाहताच त्यांनी झाकण खाली सोडलं. पांडेसऱ्याच्या रंगकाम गिरणीत कामाला असलेला प्रज्ञेश काल संध्याकाळी याच पेटीशी तावातावानं बोलत उभा होता. नात्यानं पुतण्या लागायचा तो त्यांचा. त्याची नखं बारा महिने रंगलेली असत, आणि सध्या गिरणीत पिवळ्याचा माल चालू होता.

त्यांनी एकेकाला गाठायचं ठरवलं, आणि मुद्दाम प्रज्ञेशला शेवटी ठेवलं.

हॉल झाडणारी सुंदरा कोपऱ्यात झाडू मारत होती. गोडादऱ्यात राहणारी, खानदेशची बाई. बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिच्या चपलांचा फटफट आवाज फरशीवर घुमत होता. भगवंतरावांना पाहून ती थांबली.

“सुंदराबाई, पेटीतलं एक मेडल गेलंय. तुम्ही घेतलं का, असं विचारत नाही. कुणाला घेताना पाहिलंत का?”

“मी नही लिधं भाऊ तुमनं मेडल-फेडल,” ती म्हणाली. नजर जराही हलली नाही. “चोरी काय ऱ्हास, हाई मी जानस. चौऱ्यान्नवना प्लेगमां आम्ही गावले पळनूत, तवय घर फुटनं. भांडा, कपडा, देव, सम्दं लई ग्यात. चोरले देव कधी माफ करस का?”

ती खोटं बोलत नव्हती, हे भगवंतरावांना कळलं. एवढी वर्षं पार्सल ऑफिसात काढल्यावर खोटं बोलणारा माणूस दिसल्याबरोबर ओळखू येतो.

दुपारी योगेंद्र दलाल आले. घोडदोड रोडला राहणारे, कापडवाले, आणि पदकांचे हौशी संग्राहक. काल त्यांनीही पेटीसमोर बराच वेळ काढला होता.

“कुठलं गेलं?” त्यांनी घाईनं विचारलं. आणि ऐकल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. “अरे, ते होय! ते तर लाखोंनी वाटलेलं पदक. मला वाटलं शेजारचं शौर्यपदक गेलं. इंगळे, मी चोर असतो ना, तर तेच नेलं असतं. आणि फीत कधीच सोडली नसती. त्या काळची फीत म्हणजे अर्धं पदक!”

माणूस आगाऊ होता, पण म्हणणं खरं होतं.

शालिग्राम चांदीवाला चहा घ्यायला म्हणून आला. त्याच्याच भट्टीवरून भगवंतरावांनी हे पदक उचललं होतं.

“माझ्यावर डाउट घेतो का भगवंता?” तो खळखळून हसला. “मी नेलं असतं तर सगळंच नेलं असतं. चांदी ती चांदी. एकच कशाला उचलू?”

“तुझ्याकडे ते आलं कधी होतं?”

“प्लेगच्या दिवसांत. अर्धी सुरत पळाली, चोरांनी हात धुऊन घेतले. गाठोडी येत होती भट्टीवर. कुठल्या घरातलं काय, कोण विचारतंय.” मग तो जरा गंभीर झाला. “त्या गाठोड्यात देवाच्या वस्तू होत्या, एवढं आठवतं. मी हात जोडले आणि मग कढईत टाकल्या. तुझं ते मेडल तेवढं तू वाचवलंस.”

भगवंतरावांचा चहा निवून गेला. काहीतरी डोक्यात टकटक करत होतं, पण दार उघडत नव्हतं.

३

प्रज्ञेश चारला आला. शिफ्ट करून थेट, पिवळ्या हातांनी.

“काका, तुम्हाला वाटतंय ना मी नेलं?”

“तू काल भांडत होतास.”

“भांडणारच! महार पलटणीची पदकं खालच्या रांगेत का, एवढंच विचारलं मी. आपल्याच माणसानं आपल्याला खाली ठेवायचं?” त्याचा आवाज चढला. “पण दगा मोरेनं माझं काय वाकडं केलंय? तोही मेला, आपलेही मेले. त्याच्या पोरीच्या तोंडचा घास मी पळवीन?”

भगवंतरावांना त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, फार ठेवायचा होता. पण मखमलीवरची ती पूड समोर होती आणि पोराचे हातही समोर होते. दारात बाबुराव तळहातावर तंबाखू मळत हे सगळं ऐकत होता. त्याच्या बोटावरचा चुना पाहता पाहता भगवंतराव एकदम उठले.

“बाबुराव, चुन्याची डबी इकडे आण.”

मखमलीवरची थोडी पूड त्यांनी कागदावर घेतली. वर चुन्याचा टिपका ठेवला, पाण्याचा थेंब सोडला आणि बोटानं कालवलं. तिघंही कागदावर वाकले. पिवळ्याचं लाल झालं. गिरणीतल्या रंगाचं असं लाल होत नाही. ते लाल घरोघरच्या बायकांच्या कपाळावर असतं.

“हळद,” बाबुराव पुटपुटला.

भगवंतरावांनी प्रज्ञेशच्या पिवळ्या हातांवर आपला हात ठेवला. प्रज्ञेशनं हात काढून घेतला नाही.

मग भगवंतराव पेटीपाशी जाऊन उभे राहिले. बाकीच्या पदकांची राजाच्या चेहऱ्याची बाजू वर होती. दगा मोरेचं तेवढं एकच त्यांनी उलटं ठेवलं होतं, कारण त्याचं त्यांना पहिल्यापासून नवल वाटायचं. राजाचा चेहरा कालच छापल्यासारखा स्वच्छ, आणि मागचा घोडेस्वार मात्र झिजून गुळगुळीत. नाकडोळे गेलेले, घोड्याची मान नुसती उंचवट्यासारखी उरलेली. पदक छातीवर लावलं तर असं झिजत नाही, आणि ट्रंकेत ठेवलं तर झिजतच नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं त्या एकाच बाजूला हात फिरवला होता.

“बाबुराव, काल सकाळी मी दारात कशाला अडखळलो होतो?”

“सुंदराच्या चपलांना. पडता पडता वाचलात.”

“आणि आज तिच्या चपला कुठं होत्या?”

बाबुरावानं आठवायचा प्रयत्न केला. “पायातच की. सकाळभर फटफट करत होती.”

“प्रज्ञेश, रिक्षा थांबव,” भगवंतराव म्हणाले. “गोडादऱ्याला जायचंय.”

४

रिक्षात प्रज्ञेशला राहवेना. “काका, ती बाई म्हणाली ना, मी मेडल घेतलं नाही? तुम्हीच म्हणालात, खोटं बोलत नव्हती.”

“नव्हतीच. तिनं मेडल घेतलेलंच नाही.” भगवंतराव बोलत होते ते प्रज्ञेशशी, पण बघत होते बाहेर. “नीट बघ. संग्राहकानं नेलं असतं तर शेजारचं दुर्मिळ पदक नेलं असतं आणि फीत सोडली नसती. चांदीसाठी नेलं असतं तर पेटी धुऊन नेली असती. म्हणजे नेणाऱ्याला पदकही नको होतं आणि चांदीही नको होती. मग त्या बिल्ल्यावर उरलं काय?”

“घोडेस्वार.”

“घोड्यावर बसलेला, हातात तलवार, घोड्याच्या पायाखाली तुडवलेलं काहीतरी, वर सूर्य. गोऱ्यांचा कुणी संत आहे तो. पण खानदेशातल्या म्हातारीच्या हातात दे, ती काय म्हणेल?”

प्रज्ञेश बौद्ध घरातला, देव्हारा माहीत नसलेला. तरी त्याच्या तोंडून निघालं, “खंडोबा.”

“माझ्या आजीच्या माहेरी होता तसा टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. रोज ताम्हनात ठेवायचा, न्हाऊ घालायचा, पुसायचा. आम्ही देव सोडले, पण आजीचे हात मला आठवतात. रोज पुसून पुसून टाक गुळगुळीत होतो. आणि राजा खाली लाकडावर पालथा, म्हणून तो कोरा राहिला. परवा रात्री आपण पेटी मांडली. काल सकाळी ती झाडायला आली, तिनं पेटीत पाहिलं आणि बाहेर जाऊन चपला काढल्या. हॉलमध्ये देव होता ना! आज देव तिथं नाही, म्हणून चपला पायात. फीत सोडली, कारण देवाला कुणी फितीनं टांगत नाही. आणि आज वार कोणता?”

“रविवार. खंडोबाचा.” प्रज्ञेश सीटवर पुढं सरकला. “पण ती हळद मागे कशाला ठेवली? सापडायला?”

“ते तिलाच विचारू.”

सुंदराची खोली एका मजल्याची, पत्र्याची, पलीकडच्या लूमचा धडधडाट भिंतीतून येणारी. भगवंतरावांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. प्रज्ञेशनंही काढल्या.

कोपऱ्यात फळीवरचा छोटा देव्हारा. त्यात एकच देव, भंडाऱ्यानं माखलेला. समोर निरांजन. भगवंतरावांनी असला घोडेस्वार आयुष्यात शेकडो वेळा भिंगाखाली पाहिला होता. आज पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे बघतोय असं वाटलं. त्यांचे हात जोडले गेले नाहीत, ते त्यांच्यात नव्हतं. पण बोलताना त्यांनी आवाज खाली आणला.

“सुंदराबाई, मी न्यायला नाही आलो. हा तुमचाच ना?”

सुंदरा भिंतीला टेकली. सकाळचा ताठा गळून पडला. “मना सासरना देव शे भाऊ. सासूबाईनी मना हातमां दिधा. प्लेगमां चोर लई ग्यात, मी रोज रिकामा देव्हाराले दिवा लावू. आनि काल देखं तं तुमना पेटीमां, गळामां फडकं बांधेल! मी चोरी नही करी. मी देवले घर लई उनू.”

“आणि जागेवर भंडारा ठेवलात.”

“देव उचला का जागा रिकामी नही ठेवतस. सासूबाई सांगे. चिमूटभर भंडारा ठेवना, मंग देव हालाडना.”

भगवंतरावांना हसू आलं. आपण सापडू नये म्हणून माणसं काय काय करतात, आणि या बाईनं देवाची जागा ओस पडू नये म्हणून आपली खूण मागे ठेवली होती. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, आणि लूमचा धडधडाट जणू थांबला. हा घोडेस्वार हिच्या सासरी होता. आणि त्याच्या कडेवर एका माणसाचं नाव होतं.

“बाई, तुमच्या सासरचं आडनाव?”

“मोरे.”

“गाव?”

“दोंडाईचाना अलीकडे.” सुंदरा गोंधळून पाहत राहिली. “का बरं?”

५

भुसावळ पॅसेंजर उशिरानं लागली. नातवाचा हात धरून पार्वतीबाई उतरल्या. पाठीत वाकलेल्या, पण नजर खणखणीत. भगवंतरावांनी त्यांना हॉलवर नेलं नाही, सरळ गोडादऱ्याला नेलं. काय काय घडलं ते मुद्दामच सांगितलं नाही.

सुंदरानं दार उघडलं. म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. “तू धाकला भाऊनी सून ना व? लगीनमां देखेल तुले.”

“पारूआत्या!” सुंदरा पाया पडली. सुरतेला आल्यापासून सासरचं असं माणूस तिच्या दारात आलं नव्हतं.

पार्वतीबाई आत आल्या, आणि देव्हाऱ्यासमोर थबकल्या.

“हाऊ तं आम्हना खंडोबा!” त्या ओरडल्याच. “मना काकाना घरना! आठे कसा काय उना?” त्या फळीपाशी सरकल्या. “लगीन व्हवापर्यंत रोज सकायले मीच आंघोय घालू त्याले. आजी म्हने, पारू, देवले थंडं पानी नको, कोमट ले.”

भगवंतरावांनी सुंदराकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी तो घोडेस्वार दोन्ही हातांनी उचलला. उचलण्याआधी सुंदरानं फळीवर भंडाऱ्याची चिमूट ठेवली. मग तिनंच पदराच्या टोकानं कडेवरचा भंडारा पुसला, आणि कडा दिव्याकडे धरून भगवंतरावांनी ती हळूहळू फिरवत, इंग्रजी अक्षरं बोटानं दाखवत वाचलं.

“सिपाही. दगा. मोरे.”

म्हातारीनं हात पुढं केला. भगवंतरावांनी तिच्या बोटाचं टोक त्या अक्षरांवर ठेवलं.

“हाई काय शे?”

“तुमच्या वडिलांचं नाव, आजी. सरकारनं लढाईनंतर घरी पाठवलं होतं. घरातल्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं. घोडेस्वार दिसला, देव समजले, आणि देव्हाऱ्यात ठेवला.”

पार्वतीबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. “मी जनमभर म्हनू, बापनं काहीच नही उनं. ना हाड, ना कपडा. मी पोरगी व्हतू, सम्द्या पोरीस्ना बाप व्हता, माले नही.” त्यांनी बोट पुन्हा अक्षरांवरून फिरवलं. “आनि रोज सकायले मी मना बापलेच आंघोय घालू.”

सुंदरा हमसून रडू लागली. प्रज्ञेश दाराकडे तोंड करून उभा राहिला. भगवंतरावांनी एवढी पदकं वाचवली होती, एवढी नावं भिंगातून वाचली होती, पण एखादं नाव कुठवर जाऊन पोचतं हे त्यांनी आज पाहिलं. मनात आलं, उद्या खालच्या रांगेतली पदकं वर घ्यायची.

“सुंदरा,” म्हातारी म्हणाली, “पानी तापाड. कोमट.”

सुंदरानं स्टोव्ह पेटवला. ताम्हन पुढं आलं. पार्वतीबाईंनी घोडेस्वाराला हातात घेतलं, पाणी घातलं आणि उजव्या अंगठ्यानं त्याच्या चेहऱ्यावरून पुसत नेलं. अंगठा कपाळावरून हनुवटीकडे गेला, तिथून घोड्याच्या मानेवर. भगवंतराव बघतच राहिले. ज्या झिजेचं कोडं त्यांना इतके दिवस सुटलं नव्हतं, ती झीज त्या अंगठ्याखाली तंतोतंत बसत होती.

पुसून झाल्यावर पार्वतीबाईंनी तो सुंदराच्या ओंजळीत दिला. “तुनाकडेच ऱ्हाऊ दे. तुना हातनी आंघोय चालू ठेव.”

भगवंतरावांनी खिशातून ती घडी केलेली फीत काढली आणि म्हातारीपुढं धरली. तिनं ती घेतली, डोळ्यांना लावली आणि पदराच्या गाठीत बांधली. मग त्यांचा हात धरून म्हणाली, “भाऊ, नाव आखो एकदाव वाच. मी कधी कोनाना तोंडतून ऐकेल नही ते.”

भगवंतरावांनी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.